उरलंसुरलं: घरातलं अन्न वाया जाण्याबद्दल नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची चोवीस घरांची सोसायटी आहे. खाली पार्किंगच्या कोपऱ्यात खताच्या दोन पेट्या आहेत आणि त्यांची राखण बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे जिन्यात, लिफ्टपाशी, भाजीच्या गाडीवर, जिथे गाठ पडेल तिथे लोक मला अन्नाबद्दल विचारतात. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

आमच्याकडे काही म्हणजे काही वाया जात नाही. तरी वाचायचं का?

चोवीसपैकी निदान वीस घरांनी मला हे वाक्य ऐकवलंय. मीही तेच म्हणायचे. मग एका सोमवारी ओट्याखाली झाकणाचे दोन डबे ठेवले. एकात सालं, चहाचा चोथा, चघळलेल्या शेवग्याच्या शेंगा, म्हणजे कुणी कधीच खाल्लं नसतं ते. दुसऱ्यात खाता आलं असतं पण खाल्लं गेलं नाही ते. रोज रात्री ओटा पुसायच्या आधी दुसरा डबा काट्यावर ठेवायचा आणि आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहायचा.

रविवारी बेरीज आली २ किलो ६४० ग्रॅम. घरात माणसं चार: सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगा.

त्यात काय होतं, तर साडेसात पोळ्या. पिवळी पडलेली अर्धी जुडी मेथी. पिशवीतच पाणी सुटलेल्या दोन काकड्या. दोन रात्रींचा भात. मुलाच्या डब्यातून जशीच्या तशी परत आलेली भेंडी. आणि एका स्टीलच्या डब्यातली वाटीभर आमटी, जी बुधवारपासून फ्रिजमध्ये होती आणि जिचं झाकण कुणीच उघडलं नव्हतं. ताटात टाकलेलं म्हणाल तर सगळं मिळून पावशेरही नव्हतं. मुलांना ‘पानात टाकू नकोस’ म्हणून आपण जन्मभर दटावतो, आणि गळती असते भाजीच्या पिशवीत आणि पोळ्यांच्या डब्यात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली जो अहवाल काढला, त्यात भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो असा दिला आहे. म्हणजे आठवड्याला किलोभर. त्यात सालं, कोयी, हाडं असा न खाण्याचा भागही धरलेला असतो, हे लक्षात ठेवा. पण आमचा सालांचा डबा धरला असता तर आम्ही चौघं त्या आकड्याच्याही पुढे गेलो असतो.

शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओततात, मार्केटात ढिगाने सडतं. मी दोन पोळ्या वाचवून काय होणार?

नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच. पिंपळगाव किंवा गिरणाऱ्याच्या वाटेवर भाव पडलेल्या वर्षी लाल झालेला रस्ता आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो. शेतातून निघाल्यापासून दुकानापर्यंत पोचेतो जगातलं साधारण १३ टक्के अन्न वाया जातं, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. ते नुकसान खरं आहे, आणि ते भाव, साठवण, वाहतूक यांच्या गणितात अडकलेलं आहे.

पण दुकानात पोचलेल्या अन्नापैकी आणखी १९ टक्के दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून फेकली जातात. २०२२ सालचा तो आकडा १०५ कोटी टनांचा आहे आणि त्यातले ६० टक्के एकट्या घरांतले आहेत. घर म्हणजे तुम्ही, मी आणि शेजारच्या वहिनी. टोमॅटोचा भाव काही माझ्या हातात नाही. कणिक किती मळायची ते मात्र आहे.

अन्न कुजून मातीच होतं ना? प्लास्टिकसारखं थोडंच आहे ते? मग पर्यावरणाचं नुकसान कसलं?

उघड्यावर, हवा लागत कुजलं तर बरीचशी माती होते, मान्य. पण बांधलेल्या पिशवीत, कचऱ्याच्या डोंगराखाली हवा पोचत नाही. तिथे वेगळे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरून ठेवतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटीच्या आसपास. शेतापासून ताटापर्यंत वाया जाणाऱ्या अन्नामुळे जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के वायू बाहेर पडतात, असा अंदाज आहे.

मिथेन झाला शेवटचा भाग. खरा खर्च त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. एक किलो तांदूळ पिकायला जगाच्या सरासरीने सुमारे २५०० लिटर पाणी लागतं. वाटीभर भात म्हणजे कच्चा तांदूळ साधारण ५० ग्रॅम. तो फेकला की सव्वाशे लिटर पाणी गेलं. आता हा आकडा ऐकून लगेच डोक्याला हात लावू नका. आपल्या इगतपुरी-त्र्यंबककडच्या भाताला बहुतेक पाणी पावसाचं मिळतं, ते काही कुणी गंगापूर धरणातून ओढून आणत नाही. पण गहू रब्बीचा, त्याला विहिरीचं किंवा कालव्याचं पाणी द्यावं लागतं. शिवाय त्यावर खत पडलेलं असतं, डिझेल जळलेलं असतं, कुणीतरी रात्रीच्या लाइटीच्या पाळीला थंडीत उठून बारं, म्हणजे पिकाला पाणी, दिलेलं असतं. पोळी डब्यात वाळली तेव्हा हे सगळं आधीच खर्ची पडलेलं होतं.

ओला कचरा वेगळा करून घंटागाडीत देतो. महापालिका त्याचं खत करते. मग झालं की!

वेगळा करता हे उत्तमच. घनकचरा नियमांनुसार ते बंधनकारकही आहे. ओला कचरा निर्भेळ गेला तर पाथर्डी शिवारातल्या खतप्रकल्पात त्याचं काही चांगलं होऊ शकतं. त्यात दुधाच्या पिशवीचा एक कोपरा जरी गेला तरी तो पुढे कुणाला तरी हाताने वेचावा लागतो.

पण खताच्या पेटीची राखणदार म्हणून सांगते, खत ही चूक झाल्यावरची सारवासारव आहे. किलोभर मेथी पेटीत टाकली तर मूठभर खत मिळतं. ती मेथी पिकवायला गेलेलं पाणी, मजुरी आणि टेम्पोचं डिझेल त्या मुठीतून परत येत नाही. सालांसाठी खत, भाजीसाठी ताट. आमच्याकडच्या एक ताई मोठ्या अभिमानाने रोज पातेलंभर भात पेटीत ओतायच्या, ‘बघा, आम्ही कचरा करतच नाही’ असं म्हणत. त्यांना हे समजावताना मला फार गोड बोलावं लागलं.

कांदे सडतात. कितीही जपून ठेवले तरी.

कांद्याच्या राजधानीपासून तासाभरावर राहून हे व्हावं! पण होतं, कारण आपण सगळ्या कांद्यांना एकाच मापाने मोजतो.

दिवाळीच्या आसपास येतो तो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो टिकायचा नाहीच. तो आठवड्यापुरताच घ्यावा, फार तर पंधरा दिवसांचा, भाव कितीही गोड असला तरी. मार्च ते मे निघतो तो उन्हाळ कांदा. चाळीत, म्हणजे शेतकऱ्याच्या कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरतात तो हाच, आणि गोणी घ्यायची तर याचीच. तोही नीट सुकलेला हवा. हातात घेऊन मान दाबून बघा. बारीक, कागदासारखी वाळलेली मान असेल तर घ्या. मान जाड आणि ओलसर लागली तर सड तिथूनच सुरू होते.

घरी आणल्यावर गोणी बांधलेली ठेवू नका. शेतकरी चाळीला खालून-बाजूने फटी का ठेवतो? वारा खेळावा म्हणून. आम्ही गॅलरीच्या सावलीच्या कोपऱ्यात जुना लोखंडी पलंग ठेवलाय, त्याच्या पट्ट्यांवर गोणपाट पसरून कांदे एका थरात. पलंग नसेल तर जाळीची टोपली चालते. पावसाळ्यात ओल चढते, तेव्हा दर रविवारी हात फिरवायचा. मऊ लागलेला, वास मारणारा कांदा लगेच बाहेर काढायचा, नाहीतर तो शेजारच्या चौघांना घेऊन जातो. बटाटे त्यांच्याजवळ ठेवू नका. बटाट्याची ओल कांद्याला सोसत नाही आणि कांद्याच्या संगतीत बटाट्याला लवकर कोंब फुटतात.

वरच्या पापुद्र्यावर काळी काजळी दिसली तर ते एकदोन थर काढून धुऊन घ्या. आतही काळं असेल तर फेका. कोंब फुटलेला कांदा मात्र फेकू नका, हिरवी पात चिरून पिठल्यात घाला. बटाट्याचं उलटं आहे. तो हिरवा पडला किंवा भरपूर कोंब येऊन सुरकुतला तर त्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते उकडून जात नाही. एखादा डोळा फुटला असेल तर खोल कोरून काढा, अख्खा हिरवा असेल तर सरळ पेटीत.

कोथिंबीर, मेथी, शेपू दोन दिवसांत पिवळे. काय करावं?

पहिलं म्हणजे कमी घ्या. आकाशवाणीजवळच्या बाजारात संध्याकाळी उशिरा गेलं की भाजीवाली ‘दहाला दोन जुड्या’ म्हणते आणि आपला हात आपोआप पुढे होतो. गंगेवरच्या (आम्हा नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) बुधवारच्या बाजारात तर विचारूच नका. स्वस्ताईच आपल्याकडच्या नासाडीचं मूळ आहे असं माझं पक्कं मत झालंय. मुंबईची माझी नणंद कोथिंबिरीच्या काड्या मोजून वापरते, कारण तिला जुडीचा भाव टोचतो.

दुसरं, आणल्या दिवशीच निवडा. जुडीचा दोरा किंवा रबर तसाच राहिला की आतली पानं आधी सडतात. धुऊन ठेवू नका. मुळं कापून, सडकी पानं काढून, सुती पंच्यात सैलसर गुंडाळून डब्यात ठेवली की कोथिंबीर आठ दिवस सहज जाते. मिरच्यांची देठं काढून कोरड्या डब्यात. कढीपत्ता काडीवरून ओरबाडून सावलीत वाळवला तरी चालतो. मेथी निवडायला वेळ नसेल त्या आठवड्यात मेथी घेऊच नये. मी हे स्वतःला बजावते आणि तरी घेते.

फ्रिजमध्ये काय ठेवायचं आणि काय नाही?

टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर, देठाची बाजू खाली करून. केळी बाहेर, बाकी फळांपासून लांब टांगून. केळी, सफरचंद, पपई, पिकता टोमॅटो यांच्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि शेजारची फळं-भाज्या त्याने लवकर पिकतात, पिवळ्या पडतात. म्हणून काकडीच्या शेजारी केळं ठेवलं की काकडीचं मातेरं.

द्राक्षांचं वेगळं. हंगामात कुणी ना कुणी दिंडोरीहून पेटी पाठवतंच. न धुता, फुटलेले मणी काढून, कागद घालून फ्रिजमध्ये ठेवा, धुवा ती खायच्या वेळी. संपणार नाहीत असं दिसलं तर उकळत्या पाण्यात दोनतीन मिनिटं टाकून, साल तडकली की उपसून, एप्रिलच्या उन्हात गच्चीवर कपड्यावर पसरा. चारपाच दिवसांत बेदाणे होतात. रंग बाजारच्यासारखा येत नाही, काळपट होतात. चव छान.

आणि फ्रिज ठासून भरू नका. मागच्या रांगेतला डबा दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आपल्याकडे कुणी खात नाही. माझ्या त्या आमटीचा खून असाच झाला. आता उरलेलं सगळं काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात, वरच्या कप्प्यात, डोळ्यांसमोर.

अंदाज कसा घ्यायचा? कमी पडलं तर?

सगळी मेख या ‘कमी पडलं तर’मध्ये आहे. सासूबाईंचा भाताचा हिशेब होता: माणशी एक मूठ आणि वर एक मूठ भांड्याची. त्या वरच्या मुठीला अर्थ होता, तेव्हा दारी कोण येईल याचा नेम नसायचा. आता पाहुणे गेटवरून फोन करून वर येतात, तरी भांड्याची मूठ चालूच. आम्ही ती बंद केली आणि रात्रीचा उरणारा भात जवळजवळ संपला. सासूबाई आठ दिवस नाराज होत्या. मग एकदा त्यांनीच हळूच विचारलं, ‘तांदूळ या महिन्याला उरलेत का गं?’

पोळ्यांसाठी संध्याकाळी सहा वाजता घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न: जेवायला कोण कोण? अंबडला कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेला माणूस कँटीनमध्ये जेवून येणार असेल तर त्याच्या चार पोळ्या कशाला लाटायच्या? शेवटच्या दोन गोळ्यांची कणिक तशीच झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरून काळसर दिसते, पोळी चांगली होते. आणि खरंच कमी पडलं तर पाच मिनिटांत होणारं काहीतरी घरात असतंच. पोहे काय पळून जाणार आहेत?

शिवाय शुक्रवारी रात्री आमच्याकडे स्वयंपाक नसतो. फ्रिजमध्ये जे असेल ते गरम करून पंगत. मुलगा त्याला ‘संग्रहालय’ म्हणतो.

शिळं खाऊ नये म्हणतात. मग उरलेलं ठेवायचं कशाला?

शिळं कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. सकाळची भाजी लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवली आणि रात्री खळखळून गरम केली, त्याला मी शिळं म्हणत नाही. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला भात मात्र शिळाच. श्रावणातल्या शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं खायची रीत आहे, पण तेव्हाही जुन्या बायका दहीभात, पुऱ्या असे टिकणारे पदार्थ निवडत, हे विसरू नका.

भाताबद्दल जरा कडक बोलते. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि असं विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही. उलट्या-जुलाब होतात ते त्यानेच. म्हणून उरलेला भात परातीत पसरून थंड करा, शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोडणी देऊन संपवा. मे महिन्यात तर तासाभराचीच मुदत धरा. आपण सगळे रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताच्या फोडणीवर वाढलोय हे मला माहीत आहे. डिसेंबरात निफाडला थंडी गोठवते तेव्हा ते खपूनही जात असेल. तरीही नको.

गरम एकदाच करा, लागेल तेवढंच काढून. तेच पातेलं तीनदा उकळायचं म्हणजे शब्दशः शिळ्या कढीला ऊत.

उरलेल्याचं रोज फोडणीची पोळी करून कंटाळा आला.

त्यात बिचाऱ्या पोळीचा काय दोष? तिला तुपावर कडक भाजून वर चटणी-कांदा-शेव घातली की मुलं पापडासारखी खातात. गूळ-तूप घालून लाडू होतो. वरण उरलं तर त्यातच कणकेच्या चकत्या सोडून वरणफळं. उसळ उरली की दुसऱ्या दिवशी फरसाण, कांदा, लिंबू, झाली मिसळ (रविवारी हॉटेलात यालाच रांग लावतो आपण). कुठलीही कोरडी भाजी कुस्करून थालीपिठात जाते, भेंडी सोडून. भेंडीचं मला आजवर काही सुचलेलं नाही. भात कणकेत मळला तर पराठे मऊ होतात. ताक आंबट झालं तर कढी.

कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच. आणि खरे मांडे आपल्या नाशिक-खान्देशातही होतात, तेव्हा आपल्याला हे जमायलाच हवं.

सालं आणि देठं खायची? औषधं मारलेली असतात ना?

असतात, म्हणून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची. मिठाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवली तर आणखी बरं. सगळं औषध जाईल असं नाही, बरंचसं वरवरचं जातं. शंका वाटेल त्या भाजीची सालं खताला द्या, माझा हट्ट नाही.

बाकी दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची तीळ घालून चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं थालीपीठ हे तुमच्या आईला माहीत होतंच. तिला फोन करा. कोथिंबिरीची कोवळी देठं तर पानांपेक्षा वासाची असतात, ती वाटणात टाकायची. फ्लॉवरचा दांडा सोलून चिरला तर गड्ड्याइतकाच चांगला लागतो.

पाकिटावरची तारीख उलटली की फेकायचं का?

दोन वेगळे शब्द असतात, ते वाचा. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास उत्तम राहील. नंतर पदार्थ लगेच विषारी होत नाही, पाकीट बंद असेल तर बघून, वास घेऊन ठरवा. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिलं असेल तर ती तारीख पाळायची. तिथे काटकसर नको.

थोडी बुरशी आली तर तेवढाच भाग काढून खाल्लं तर?

गाजर, कोबीसारख्या घट्ट भाजीला एका जागी असेल तर बोटभर जास्त कापून चालतं. पाव, भात, मऊ फळं, जॅम, लोणचं यांत नाही. वर दिसते तेवढीच बुरशी नसते, धागे आत गेलेले असतात. शेंगदाणे आणि मका यांच्याबाबत तर अजिबात धोका पत्करू नका. ओल लागलेल्या, कडवट दाण्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकतं, ते यकृताला घातक आहे आणि भाजून जात नाही. कूट करताना एक कडू दाणा लागला की आपण तोंड वाकडं करून पुढे जातो. तिथे थांबून सगळे दाणे निवडा.

गाईला घातलं तर पुण्य, आणि वायाही जात नाही. बरोबर?

एक पोळी घातली तर ठीक. पातेलंभर भात, पोळ्यांचा ढीग, सणाचं गोडधोड घातलं तर गाईच्या पोटात आम्ल वाढतं आणि ती आजारी पडते, कधी दगावतेही. गवत पचवणारं पोट आहे ते. आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवणाऱ्यांना तर मी काय म्हणू? ती पिशवीसकट खाते.

गंगेवर नेऊन सोडणं हाही उपाय नाही. नैवेद्य असो की शिळी पोळी, पाण्यात कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खातं. मासे त्यानेच मरतात.

कामवाल्या मावशींना दिलं तर?

द्या, पण तुम्ही स्वतः खाल असंच, त्याच दिवशीचं, आणि आधी विचारून. ‘हे नेता का?’ आणि ‘हे घेऊन जा’ यात फरक आहे. आमच्या मावशींनी मला एकदा स्पष्ट सांगितलं होतं, ‘ताई, परवाचं नको, त्यापेक्षा दोन कांदे द्या.’ मी आतल्या आत चरकले. तेव्हापासून जेवण झाल्यावर उरायची वाट बघत नाही, जास्त झालंय असं दिसलं की जेवणाआधीच त्यांचा डबा भरते.

पाहुणे, सणवार, आणि आता सिंहस्थ. तेव्हा काय?

२०२७ च्या सिंहस्थात प्रत्येक नाशिककराच्या घरी लांबलांबचे मामा-मावश्या उगवणार आहेत, तयारीला लागा. माझा अनुभव एवढाच की तयारी पूर्ण ठेवावी, स्वयंपाक अर्धा. पुरीची कणिक मळलेली, पण तळणं माणसं बसल्यावर. वाटण तयार, पण भाजी दोन खेपांत. जे शिजलं नाही ते उद्या वापरता येतं. पदार्थ दोन कमी करा. पितृपक्षात भाज्यांची संख्या ठरलेली असेल तर प्रत्येकीचं माप चमच्याचं ठेवा, पातेल्याचं कशाला?

सोसायटीच्या कार्यक्रमात बरंच उरलं तर वाटपासाठी आधीच कुणाशी तरी बोलून ठेवा. रात्री अकराला फोन फिरवून काही होत नाही. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत. त्यातला घरगुती मतलब असा: पंगतीत फिरलेलं द्यायचं नाही, भांड्यातलं न उष्टावलेलं द्यायचं, झाकून, लवकर, आणि कधी शिजवलं ते सांगून.

हॉटेलात उरलं तर बांधून मागायला लाज वाटते.

मला नाही वाटत. डबा पर्समध्येच असतो.

खत घरात करायचं तर वास येतो, अळ्या होतात.

वास येतो तेव्हा ओल जास्त झालेली असते. एक भाग ओलं, तर आकारमानाने निदान तेवढाच, शक्यतो दुप्पट, वाळका पाला. बादलीला किंवा माठाला भोकं हवीत, आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. सुरुवातीला जुन्या खताची ओंजळ किंवा आंबट ताक विरजणासारखं घाला. मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये, पण हात ओला व्हावा, इतपतच ओल. तेलकट रस्सा, मासे-मटणाची हाडं नकोत. दीडदोन महिन्यांत होतं, थंडीत जरा रेंगाळतं. पांढरट-करड्या जाड अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात.

पाल्याची बेगमी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, तेव्हा कॉलनीतली सगळी झाडं झडतात आणि लोक सकाळी तोच पाला जाळून धूर करतात. मी चार गोण्या भरून ठेवते. पावसाळ्यात वाळकं पान सोन्याच्या भावाचं असतं.

वजन करायला काटा कुठला घ्यावा?

कुठलाही. प्रवासाच्या बॅगेला लटकवायचा असला तरी चालतो, डबा पिशवीत घालून अडकवायचा. भारी काटा आणायच्या निमित्ताने काम पुढे ढकलू नका. सोमवारपासून रविवारपर्यंत सलग सात दिवस करा, मधे सण किंवा पाहुणे नसलेला आठवडा बघून. आणि पहिल्या आठवड्यात घरात कुणाला सांगू नका. सांगितलं की सगळे शहाण्यासारखे जेवायला लागतात आणि आकडा खोटा येतो.